अब्बांचा 'ळ'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी भाची शिकायला आमच्याकडे विश्रामबागला राहते. तिचं गाव जत तालुक्यात. इथल्या एका कला महाविद्यालयात ती दुसऱ्या वर्षाला आहे. घरात चित्रकलेचं पोर असलं की घराचं काय होतं, हे ज्यांच्याकडे असं पोर आहे त्यांनाच कळेल. चहाच्या कपात पोस्टर कलर, बाथरूमच्या बादलीत ब्रश, सोफ्यामागे अर्ध्या इम्पिरियल कागदांची गुंडाळी. एकदा माझी बायको भाजीसाठी वांगी शोधत होती, तर आतून आवाज आला, "मुमानी, त्यांना हात लावू नका, सोमवारपर्यंत स्टिल लाइफ आहे." सोमवारपर्यंत आम्ही आमटीवर काढलं. वांगी मंगळवारी खाल्ली, तोवर त्यांनाही थोडी शैली आली होती.

गमतीचं बोलून झालं. आता खरी गोष्ट सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली नि ड्रॉइंग बोर्ड कपाटाच्या मागे सरकवून ठेवला. जेवली नाही. रात्री मी वाचत बसलो होतो, तर समोर येऊन बसली नि म्हणाली, "मामू, मेरी स्टाइल कौनसी है?" घरात आम्ही दखनी बोलतो, त्यामुळे प्रश्न अगदी साधा वाटला. तो साधा नव्हता. कॉलेजात सगळ्यांची कामं भिंतीला लावली होती. सरांनी एकेकापुढे थांबून काही सांगितलं. हिच्या चित्रांपुढे थांबून म्हणाले, "हात चांगला आहे, पण यात तू कुठे आहेस?" आणि पुढे गेले.

तिच्या वडिलांना हे फोनवर कळलं. ते व्यवहारी माणूस. तीन मुलांची शिक्षणं एका पगारात बसवणाऱ्या माणसानं व्यवहारी असायलाच हवं. ते म्हणाले, "सरांनाच दिसत नसेल, तर फी भरून काय उपयोग? जूनपासून नर्सिंगचं बघू. नाहीतर तुझे मामू कवी आहेत, त्यांना विचार." शेवटच्या वाक्यात जरा टोचणी होती. मी ती मुकाट्यानं घेतली.

मग मी तिला सांगायला लागलो. शैली म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार, आत्म्याचा हुंकार वगैरे. पाचेक मिनिटं तिनं ऐकून घेतलं नि म्हणाली, "मामू, हे भाषण झालं. मी उद्या बोर्डावर काय करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं कविता लिहिणाऱ्या माणसाला या प्रश्नावर गप्प बसावं लागलं, याची मला लाज वाटली. त्या रात्रीपासून मी जे शोधलं, आठवलं, ते तिच्यासाठीच. ते इथं सांगतो.

आधी शब्दाकडे पाहू. कवीची खोड आहे ती. 'शैली' हा शब्द 'शील' वरून आला. म्हणजे स्वभाव, वागण्याची रीत. इंग्रजीतला 'स्टाइल' आला लॅटिनमधल्या 'स्टायलस' वरून. मेणाच्या पाटीवर लिहायची ती टोकदार काडी. एका भाषेनं शब्द माणसाच्या स्वभावातून काढला, दुसरीनं हातातल्या हत्यारातून. उर्दूत शैलीला 'अंदाज' म्हणतात. तोच शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ नुसता अटकळ, अदमास एवढाच उरला. आणि मराठीनं स्वतःचा जो शब्द घडवला तो मला सगळ्यांत आवडतो, 'वळण'. अक्षराचं वळण, हाताचं वळण, मुलाला लावलेलं वळण. यात स्वभाव आहे, हत्यार आहे, आणि रोजची सवयही आहे. वळण एका दिवसात लागत नाही नि ठरवून दाखवताही येत नाही.

एका रविवारी मी तिला वडापमध्ये बसवलं नि मिरजेला नेलं. विश्रामबागहून मिरज म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता, तरी ती सतारमेकर गल्लीत कधी गेली नव्हती. ही गल्ली म्हणजे आमच्या भागाचं एक आश्चर्य आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथले शिकलगार तलवारी, भाले यांना धार लावायचे. हत्यारांचे दिवस संपत आले, तसे त्यांतले फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पोलादावर फिरणारा हात भोपळ्यावर नि लाकडावर फिरू लागला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते वाळवून त्यांचे तंबोरे नि सतारी होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तिथं एका दुकानात एक म्हातारे कारागीर जवारी लावत बसले होते. जवारी म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझं अर्धं उत्तर तिथंच सापडलं. सतारीची तार ज्या रुंद घोडीवरून जाते, त्या घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अगदी बारीक उतार असतो, डोळ्याला न दिसणारा. तार छेडली की ती थरथरताना त्या उताराला किंचित घासत राहते, आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे कितीतरी स्वर जागे होतात. आपण ज्याला सतारीचा झंकार म्हणतो तो हाच. उतार केसभर जास्त झाला तर आवाज पत्र्यासारखा होतो. कमी झाला तर मुका. कानस एकदा फिरवायची, तार लावून ऐकायचं, तार काढायची, पुन्हा कानस. हे तासन्‌तास चालतं. रविशंकरांना खुली जवारी लागायची, विलायत खाँसाहेबांना बंद. म्हणजे एकाच वाद्याचे दोन गळे.

भाचीनं त्या बाबांना विचारलं, "तुमची जवारी नि शेजारच्या दुकानातली, यात फरक कळतो?" ते म्हणाले, "ऐकणाऱ्याला कळतो." तिनं विचारलं, "मग तुमची वेगळी व्हावी म्हणून तुम्ही काय करता?" बाबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दखनीत पुन्हा सांगितलं. तेव्हा हसून म्हणाले, "बेटी, मैं तो सिर्फ अच्छी लगाने की कोशिश करता हूँ."

येताना आम्ही ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तिथं विसावले आहेत. १८७२ साली ते उत्तरेत कैराना इथं जन्मले, नि आयुष्याची शेवटची वर्षं मिरजेचे होऊन राहिले. १९३७ साली गेले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, आणि शिष्या गंगूबाई हनगल. एकच गुरू, एकच घराणं, तेच राग. तरी रेडिओ लावल्यावर दोन सेकंदांत कळतं कोण गातंय. गंगूबाईंचा आवाज तरुणपणी बारीक होता. टॉन्सिलच्या दुखण्यावर उपचार झाले नि तो जाड, जवळजवळ पुरुषी झाला. एखादी खचली असती. त्या त्याच आवाजात गायल्या, त्याच्या ताकदीनं नि त्याच्या मर्यादेत गायल्या, आणि पुढे आयुष्यभर तो आवाज म्हणजेच गंगूबाई झाला.

हे तिला सांगताना मला अब्बा आठवले.

माझे वडील, म्हणजे तिचे नाना, पेंटर होते. चित्रकार नव्हेत, बोर्ड रंगवणारे पेंटर. सांगलीच्या मार्केट यार्डात, गणपती पेठेत, मिरजेच्या बाजारात त्यांनी रंगवलेल्या पाट्या होत्या. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर शिडी धरायला जायचो. आधी पत्र्याला अस्तर द्यायचं. मग खडूच्या भुकटीत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये चिमटीत धरून सोडायची, की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटायची. त्या दोन रेघांच्या मध्ये अक्षरं. डाव्या हातात एक काठी, तिचं टोक पत्र्याला टेकवलेलं, त्या काठीवर उजवा हात टेकवून ब्रश फिरवायचा. टर्पेंटाइनचा वास त्यांच्या शर्टाला कायमचा होता. ईदच्या नव्या शर्टालासुद्धा दुपारपर्यंत यायचा.

सांगलीचा व्यापार म्हणजे हळद, गूळ, बेदाणा. म्हणजे अब्बांच्या वाट्याला 'ळ' फार यायचा. आणि त्यांचा 'ळ' गावात प्रसिद्ध होता. त्याची दोन पोटं असतात ना, त्यांतलं उजवीकडचं पोट जरा मोठं नि खाली ओघळलेलं, जेवून पारावर बसलेल्या माणसासारखं. ते पाटीच्या कोपऱ्यात कधीच नाव घालत नसत, तरी अडते म्हणायचे, "ही त्याच पेंटरची पाटी." नवीन दुकान काढणारा माणूस दुसऱ्याच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणायचा, "असा ळ पाहिजे."

मी समजत होतो की ही अब्बांची कल्पना. ते गेल्यावर काही वर्षांनी त्यांचा जुना मदतनीस भेटला. त्यानं सांगितलं की तरुणपणी थिएटरचा बोर्ड रंगवताना अब्बा शिडीवरून पडले होते. मनगट मोडलं. ते हाडवैद्यानं बसवलं, पण पुरतं वळेना. 'ळ'चं उजवं पोट काढताना जिथं मनगट फिरायला हवं, तिथं ते कोपरातून अख्खा हात फिरवत. म्हणून ते पोट मोठं व्हायचं. आणि पुढचं वाक्य ऐकून मी सुन्न झालो. तो म्हणाला, "उस्तादांना तो ळ आवडत नव्हता. रात्री वहीत सरळ ळ काढायची प्रॅक्टिस करायचे. मरेपर्यंत करत होते."

हे मी भाचीला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ज्याला लोक नानांची स्टाइल म्हणत होते, ती नानांना चूक वाटत होती?" हो. आणि त्यांची ती खटपट फुकट गेली असंही मी म्हणणार नाही. सरळ अक्षरासाठी ते झगडत होते, म्हणून बाकी सगळी अक्षरं दोरीत होती. बाकीची दोरीत होती म्हणून तो एकटा 'ळ' शोभला. सगळीच अक्षरं ओघळली असती, तर त्याला कुणी शैली म्हटलं नसतं, पेंटर बदलला असता.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही सांगायला मला आवडत नाही, पण तिला सांगितली, तर इथंही सांगायला हवी.

विलिंग्डन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर मी कविता इकडे-तिकडे पाठवू लागलो. १९९४ च्या सुमारास एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. कविता परत केल्या होत्या आणि लिहिलं होतं की, "या कविता कुणीही लिहिल्या असत्या. तुमच्या कवितेत तुम्ही दिसत नाही. तुमचं जग येऊ द्या." १९९२-९३ नंतरचे दिवस होते ते. मुसलमान माणसाच्या मनात काय आहे हे ऐकायची चांगल्या लोकांना खरोखर इच्छा होती. त्या संपादकांचा हेतू वाईट नव्हता, हे मला आजही पटतं. पण मी काय केलं? पंधरा दिवसांत तीन कविता लिहिल्या. त्यांत अत्तर होतं, बुरखा होता, ईदचा चंद्र होता, अजान होती. तिन्ही छापून आल्या. कौतुकाची पत्रं आली. एका संमेलनात मला त्याच वाचायला सांगितल्या.

त्या तीन कविता मी माझ्या कुठल्याही संग्रहात घेतलेल्या नाहीत. त्यांत एकही गोष्ट खोटी नव्हती. आमच्या घरात अत्तर होतं, चंद्रही दिसायचा. पण त्या मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी माझ्या घराकडे बघून लिहिल्या होत्या. माझ्या घराचा खरा वास टर्पेंटाइनचा होता, आणि तो मला कवितेत घ्यावासाच वाटला नव्हता, कारण तो 'मुस्लिम' वाटणार नाही अशी मला भीती होती. 'यात तू कुठे आहेस' हा प्रश्न ऐकला की माणूस आरशाकडे धावतो. आरशात नेमकं तेच दिसतं, जे लोकांनी आधीच पाहिलेलं असतं.

यातून मला बाहेर काढलं ते गझलेनं. गझल हा फार कडक प्रकार आहे. मतल्याच्या दोन्ही ओळींत यमक, म्हणजे काफिया. त्यामागून तोच तो शब्द, म्हणजे रदीफ. वृत्त शेवटपर्यंत एकच. फारसीतून माधव ज्युलियनांनी ती मराठीत आणली, सुरेश भटांनी तिची बाराखडी लावून दिली. आमच्याच जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार, जे २०२१ मध्ये गेले, त्यांनी आयुष्य तिच्यात घातलं. मी गझल लिहू लागलो तेव्हा 'मी' कुठे आहे याचा विचार करायला सवडच मिळेना. काफिया सांभाळता सांभाळता दम निघायचा. आणि त्या धांदलीत एकदा यमकासाठी म्हणून 'शिडी' हा शब्द आला. आला तो आलाच. त्यानंतर अब्बा माझ्या कवितेत आपल्या पायांनी येऊ लागले.

भाची म्हणाली, "हे कवितेचं झालं. चित्राचं सांगा." तेव्हा मी तिला कोल्हापूरच्या आबालाल रहमानांचं सांगितलं. अरबी-फारसीचं वातावरण असलेल्या घरातला हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला. तिथलं शिक्षण काटेकोर, इंग्रजी पद्धतीचं. मग कोल्हापुरात परतला. शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला. तो कोटीतीर्थाच्या काठी राहिला, आणि तेच पाणी, तीच झाडं, पंचगंगेचा तोच घाट पुन्हा पुन्हा काढत राहिला. सकाळी, दुपारी, पावसात. तो युरोपला कधी गेला नाही. तरी त्याच्या निसर्गचित्रांतले ते सुटे, थरथरते रंगाचे ठिपके पाहून जाणकारांना फ्रेंच चित्रकारांची आठवण होते. १९२२ साली शाहू महाराज गेल्यावर त्यानं दुःखात आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं सांगतात. १९३१ साली तो गेला. आज त्याची फार थोडी चित्रं उरली आहेत. मला राहून राहून वाटतं, ते ठिपके त्यानं शैली म्हणून शोधले नसतील. पाण्यावरचं ऊन एका जागी थांबत नाही. रोज त्याच पाण्यापुढे बसणाऱ्याचा हातही मग सलग रेघेत थांबेनासा झाला असेल.

आणि आपल्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन. त्यांनी मुंबईत सिनेमाची भलीमोठी होर्डिंग्ज रंगवली. एवढ्या मोठ्या पत्र्यावर थोड्या वेळात नटीचा चेहरा उभा करायचा तर रेघ एका दमात नि ठाम यावी लागते. पुढे जगभर गेलेल्या त्यांच्या रेघेत ती पोटापाण्याची मजुरी दिसते. याबद्दल दुमत असेल, पण मी पेंटरचा मुलगा आहे, मला ती दिसते.

एवढं सगळं ऐकून तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी आपापले फोटो जपानच्या घिब्ली स्टुडिओच्या चित्रांसारखे करून घेतले होते, ते आठवत असेल. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचाही तसा फोटो होता. ती म्हणाली, "मामू, बोट लावलं की कुणाचीही स्टाइल मिळते. मग मी माझी शोधून काय करू?"

मी तिला एवढंच विचारलं, की त्या यंत्राला अब्बांचा 'ळ' काढायला सांगितला तर ते काढेल का? ती म्हणाली, "काढेल की. नमुने दिले तर हुबेहूब काढेल." मी म्हटलं, खरं आहे. आणि सरळ 'ळ' काढायचाय पण जमत नाहीये, असं त्याला होईल का? ती हसली. म्हणाली, "त्याला मनगटच नाही." हे उत्तर तिचं, माझं नव्हे. मी फक्त डायरीत लिहून ठेवलं.

यंत्राचा मला राग नाही. २००५ नंतर फ्लेक्स आला तेव्हा अब्बांचं काम दोन वर्षांत संपलं, तेव्हाही मी फ्लेक्सवाल्याचा राग केला नाही. तो आमच्याच गल्लीतला, पोटाला लागलेला पोरगा होता. पण पाट्या वाचताना आता कुणी "हा कुणाचा हात?" असं विचारत नाही, हेही खरं.

मार्केट यार्डात एका अडतीवर अब्बांची एक पाटी अजून आहे. बहुतेक शेवटचीच. रंगाचे पोपडे निघालेत, पण 'हळद' आणि 'गूळ' शाबूत आहेत. मालकांचा मुलगा आता धंदा बघतो, तो दिवाळीला नवा बोर्ड लावणार आहे. मी भाचीला हे सांगितलं आणि विसरून गेलो. पुढच्या आठवड्यात तिनंच त्यांना जाऊन विचारलं की पाटीवर कागद लावून अक्षरं गिरवून घेऊ का. ते म्हणाले, घे की, वर चहाही घे.

नर्सिंगच्या फॉर्मची मुदत अजून आहे. वडिलांनी तो आणून ठेवला आहे, आणि ती तो फाडत नाही की भरत नाही. सरांनाही तिनं अजून काही दाखवलेलं नाही. कपाटामागचा बोर्ड मात्र तिनं बाहेर काढला.

रविवारी सकाळी सातला, यार्ड उघडायच्या आत, आम्ही दोघं गेलो. ट्रेसिंग पेपर, चिकटपट्टी, मऊ पेन्सिल. पाटी उंचावर होती. अडतीतूनच एक लाकडी शिडी मिळाली, जरा डुगडुगणारी. ती वर चढली. 'ह' झाला, मग 'ळ'पाशी आली नि थांबली. वरून म्हणाली, "मामू, यहाँ हाथ मुड़ताच नहीं, कोहनी से घुमाना पड़ता है."

मी खाली शिडी धरून उभा होतो. म्हटलं, "घुमा."